मधला भाग

लातुरात क्लासच्या गल्ल्यांजवळ ज्यांची ज्यांची घरं होती, त्यांनी घरावर मजले चढवले आणि परगावच्या पोरी राहायला घेतल्या. रत्नम्मा आणि गुंडप्पानंही तेच केलं. उदगीरचं भांड्यांचं दुकान पुतण्याच्या हवाली करून दोघं इकडं आले. खाली स्वतः, वर दोन मजले डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी. कामाची वाटणी कुणी बसून केली नाही, ती आपसूक पडली. बाजार आणि स्वयंपाकघर गुंडप्पाकडं, शिस्त रत्नम्माकडं.

आणि शिस्त म्हणजे शिस्त. मोबाईल संध्याकाळी घरी बोलण्यापुरता. गच्चीवर घोळका करायचा नाही. अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज खोलीत दुसरं काही छापील दिसता कामा नये. पहिल्याच वर्षी एका पोरीचा बाप फाटकात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेला होता, की लेक घरी होती तोवर बरी होती, तुमच्या इथं येऊन बिघडली. ते बोलणं रत्नम्माच्या काळजात रुतून बसलं. तेव्हापासून पोरी सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन क्लासला गेल्या, की ती किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून वर चढायची आणि गाद्या उलथ्यापालथ्या करायची.

फेब्रुवारीत एकदा अशीच ती आरतीच्या खोलीत शिरली. आरती इस्लापूरची, किनवटकडच्या जंगलपट्ट्यातली. वडील वनरक्षक. गेल्या वर्षी नीटला थोडक्यात मार्क कमी पडले म्हणून पोरगी पुन्हा बसणार होती. आली तेव्हा ताटातली अर्धी भाकरी तशीच टाकून उठायची, घरचा फोन आला की नुसती हूं हूं करायची. पुढं दिवाळीनंतर हळूहळू रुळली, जेवायला लागली. हे आपल्याच शिस्तीचं फळ, असं रत्नम्मा शेजारणींना सांगत असे.

गादीखाली फिजिक्सचं गाईड होतं. उचललं तर हाताला मऊ लागलं, म्हाताऱ्या माणसाच्या तळहातासारखं. वरचं कव्हर तेवढं गाईडचं. आत जुनाट पिवळी पानं, दाभणानं जाड दोऱ्यात शिवलेली. पुढं नाव नाही, मागं शेवट नाही. पहिलंच पान वाक्याच्या मध्यावर सुरू होत होतं:

‘…आणि तो डबा आजही उंबऱ्यावरच होता. झाकणाला हात लावला तर अजून गरम.’

रत्नम्मानं ते उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. मग, ‘कादंबरी,’ असं चोर सापडल्यागत स्वतःशीच म्हणून तिनं ती चळत पदराखाली घेतली आणि खाली उतरली.

संध्याकाळी तिनं आरतीला बोलावून घेतलं.

“हे काय हाय?”

“माझं आहे, काकू.”

“बाकीचं कुठाय? ह्याला ना आगा ना पिछा.”

आरती खाली बघत राहिली. ती रडली नाही, की माफी मागितली नाही. जाताना दारात थबकून एवढंच म्हणाली, “काकू, फाडणार तर नाही ना?”

रत्नम्मानं पानं कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर सामसूम झाल्यावर तिनं कपाटातून ती पानं काढली. पोरीच्या घरी कळवायचं तर आत काय वाह्यात आहे ते ठाऊक असायला हवं, अशी तिनं मनाची समजूत घातली. रत्नम्मा सातवीपर्यंत शिकलेली. पोथी वाचायची, पेपरातली निधनं वाचायची. कादंबरी तिनं जन्मात हातात धरली नव्हती. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचायला लागली.

वाह्यात काहीच नव्हतं. इंदू नावाची एक बाई होती. तिचा नवरा दिनकर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, ते जिनिंग बंद पडलेलं. घरात दोन लेकरं. आणि रोज दुपारी कुणीतरी उंबऱ्यावर जेवणाचा डबा ठेवून जायचं. कोण ते दिसायचं नाही. डब्यातल्या भाकरी जाडजूड आणि भाजी दर वेळी खारट. इंदूला वाटलं, हे काम शेजारच्या सलमाचं. सलमा तिची जिवाभावाची मैत्रीण. पण इंदूनं विचारलं तेव्हा सलमा भडकली. ‘मी दिलं असतं तर दारात ठेवून पळाले असते का? आत येऊन वाढलं असतं. एवढीच ओळखलीस मला?’

ते वाक्य रत्नम्मानं दोनदा वाचलं. बरोबर बोलली बाई, असं तिला वाटलं.

आणखी एक म्हातारा होता, अण्णा. दिनकरचा बाप. त्याच गावात एकटा राहायचा आणि पोराशी बोलायचा नाही. बाजारात समोरून आला तर छत्री खाली घेऊन निघून जायचा, नातवंडांकडंही बघायचा नाही. का बोलत नव्हता ते या पानांत कुठंच नव्हतं. ते आधी होऊन गेलेलं असणार.

चार-पाच दुपारी अशा गेल्या. शेवटच्या पानावर इंदू दाराआड लपून बसली होती, आज डबा ठेवणाऱ्याला बघायचंच म्हणून. बाहेर पावलं वाजली. मग खोकला ऐकू आला. ‘तो खोकला तिच्या ओळखीचा होता. इंदूनं कडी काढली आणि दार उघडून पाहिलं, तर समोर’

इथं पान संपलं. पुढं गाईडचं कव्हर.

रत्नम्मानं कव्हरही उलटून पाहिलं. कोरं होतं.

त्या दिवशी जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. गुंडप्पा वांग्याची भाजी वाढून घेत होता.

“अहो, माणूस पोटच्या पोराशी बोलत नसंल, तर ते कशावरून?”

“कोणता माणूस?”

“असंच. एक आपलं.”

गुंडप्पानं भाकरीचा तुकडा मोडला. “शेतावरून असंल,” तो म्हणाला. “न्हाईतर लग्नावरून.” आणि मान खाली घालून जेवायला लागला.

आता तिचं वर जाणं वाढलं. सकाळी तपासणी, दुपारी पुन्हा तपासणी. पण शोध निराळाच होता. एकीच्या पेटीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मिळाला, दुसरीच्या उशीत चोरून ठेवलेला मोबाईल मिळाला. मोबाईल तिनं बघितला आणि पुन्हा उशीत सारला, कारण हात त्याच्यासाठी घातलाच नव्हता. गाईडं मात्र ती एकेक उघडून पाहायची. सगळ्यांत खरंखुरं फिजिक्सच निघायचं.

सरळ विचारायचीही सोय नव्हती. ज्या तोंडानं नियम सांगितले त्याच तोंडानं पुढचा भाग कसा मागायचा?

मध्येच एक गोष्ट तिच्या नजरेला आली. आरतीच्या ताटात पुन्हा भाकरी उरायला लागली होती. पोरगी वेळेवर उठत होती, क्लासला जात होती, टेस्टही देत होती. नुसती जेवणावरून लवकर उठत होती. रत्नम्मानं दोनदा तिला टोकलं, “अन्न टाकायचं नसतं.” आरती “हो काकू” म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी भाकरीच अर्धी घेतली. रत्नम्माला ते लागलं. काय बिनसलं हे कळत नव्हतं, आणि आपला काही संबंध आहे का हे स्वतःला विचारायचं धाडसही होत नव्हतं.

मग तो रविवार आला. सकाळची टेस्ट देऊन पोरी दुपारी जेवायला बसल्या होत्या. गुंडप्पा आत भाकऱ्या थापत होता, रत्नम्मा वरणाचं पातेलं घेऊन दारापर्यंत आली आणि तिला पोरींची कुजबुज ऐकू आली.

“पण इंदूनं अण्णांना घरात घेतलंच कसं?” ही वर्षाराणी. देवणीची, सगळ्यांत तोंडाळ. “ज्यानं घराबाहेर काढलं त्यालाच पाटावर बसवून राहिली?”

“आजारी पडले असतील,” दुसरी म्हणाली. “मधल्या भागात नक्की अण्णा आजारी पडतात. मग इंदूला दया येते.”

“हाव, तेच असंल. टीबी.”

रत्नम्माच्या हातातली पळी थांबली. अण्णा घरात आला होता तर. इंदूनं त्याला पाटावर बसवलं होतं. म्हणजे दार उघडल्यावर समोर…

“आजारी-बिजारी काही नव्हता तो,” ती म्हणाली.

पंगतीतल्या माना एकदम तिच्याकडं वळल्या. आरतीचा घास हातातच राहिला. रत्नम्मालाही आपण काय बोलून गेलो ते मागाहून कळलं, पण आता शब्द सुटला होता, आणि टीबीचं ते खोटं तिला सहन होण्यातलं नव्हतं.

“चांगला ठणठणीत होता,” ती म्हणाली. “नुसता खोकला होता, तोही ओळखीपुरता.”

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. वर्षाराणीनं धीर केला. “काकू, मग झालं काय?”

आणि रत्नम्मानं सांगितलं. वरणाचं पातेलं खाली ठेवलं, पळी तशीच हातात, आणि उभ्यानं तिनं सगळा मधला भाग सांगितला. जिनिंग बंद पडलं इथपासून. उंबऱ्यावरचा डबा, जाडजूड भाकरी, सलमाशी झालेलं भांडण. “अन् भाजी रोज खारट. इंदूला वाटायचं, सलमाच्या हाताला तर असं मीठ न्हाई. मग हे कोण?”

“खारट?” आरती एकदम म्हणाली. कितीतरी दिवसांत तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. “काकू, भाजी खारट होती?”

“हाव. दर वेळी.”

आरतीनं वर्षाराणीचा दंड धरला. “म्हणून ती तसं म्हणते. पुढच्या भागात अण्णा चुलीपाशी बसतात, भाजी फोडणीला टाकतात, आणि इंदू म्हणते, ‘अण्णा, मीठ मी घालते.’ आणि हे म्हणताना तिला रडू येतं. आम्हाला कळतच नव्हतं, मिठावरून काय रडायचं.”

रत्नम्मा खाली बसली. पोरींच्या पंगतीत, सतरंजीवर. म्हातारा एकटा राहणारा, स्वयंपाकात हात न बसलेला. पोराशी बोलायचं नाही हा हट्ट सुटत नव्हता आणि नातवंडं उपाशी बघवत नव्हती. तो रोज आपल्या हातानं भाकरी थापत होता, छत्रीआड डबा धरून येत होता. डब्याची सगळी पानं तिच्या कपाटात होती, पण ही एवढी गोष्ट त्या पोरींकडं होती. आणि पोरींना रडू दिसलं होतं, त्याचं कारण तिच्याकडं होतं.

तिनं पदरानं नाक पुसलं. पोरींमधल्याही दोघी-तिघींनी पुसलं.

“पुढं सांगू नका आता,” रत्नम्मा म्हणाली. “मला वाचायचंय. कुठाय ते?”

वर्षाराणी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फडताळावरच्या तुरीच्या डाळीच्या मोठ्या डब्यामागून पिवळ्या पानांची चळत घेऊन आली. रत्नम्मानं आधी त्या डब्याकडं पाहिलं, मग तव्यापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं. तो भाकरी उलटायची सोडून उभा होता. मग तिनं चळत उलटी करून पाहिली. दाभणाचा टाका होता, तिरपा, दर दुसऱ्या टाक्याला गाठ. उदगीरला बाहेरगावी जाणाऱ्या भांड्यांची पोती अशीच शिवली जात. इतके दिवस तो टाका तिच्या बोटांखालून जात होता आणि तिनं तो ओळखला नव्हता.

“हा टाका कुणाचा हाय?”

“माझा,” गुंडप्पा म्हणाला. “पुस्तक सुटून राहिलं होतं. पानं हरवली असती.”

मग सगळं बाहेर आलं. पुस्तक वर्षाराणीनं गंजगोलाईच्या बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडून आणलं होतं. वरचं कव्हर आणि नावाचं पान तेव्हाच गेलेलं, त्यामुळं कुणी लिहिलं, नाव काय, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. एक पुस्तक आणि वाचणाऱ्या इतक्या जणी, म्हणून गुंडप्पानं त्याचे भाग पाडून दिले. एकीचा वाचून झाला की दुसरीकडं. पहिला भाग सगळ्यांत फिरून झाला आणि मधला आरतीनं उघडायच्या आधीच रत्नम्माच्या कपाटात गेला, म्हणून पोरी पुढचा वाचत होत्या.

“तुम्ही पण वाचलात?”

“मला कुठं वाचायला जमतं, चष्मा लावला तरी अक्षरं नाचतात. आरती सांगायची. दिवाळीच्या आधी एकदा पाणी प्यायला आत आली, डोळे सुजलेले. म्हटलं, बस, मेथी निवडू लाग. निवडता निवडता आधी घरचं बोलायला लागली, पुढं पुस्तकातलं. मग रोज येऊ लागली. ती सांगायची, मी भाकरी करायचो, एक गरम तिच्यापुढं ठेवायचो. गोष्ट सांगताना खाऊन टाकायची, कळायचं पण न्हाई तिला.” त्यानं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. “तू भाग नेलास तवापासून येईना. म्हणाली, काका, माझ्यामुळं सगळ्यांचं वाचणं खुंटलं.”

 घरातल्या सगळ्यांना इंदू ठाऊक होती, आपल्याला सोडून. पोरगी रडत होती हेही ठाऊक होतं, आपल्याला सोडून. आपण ताटं मोजत बसलो. तिला राग येऊ पाहत होता, पण तो कुणावर धरावा हे सापडेना.

“आणि मी विचारलं तवा शेतावरून असंल म्हणालात,” ती शेवटी म्हणाली.

“लग्नावरून पण म्हणालो होतो,” गुंडप्पा म्हणाला. “पहिल्या भागात हाय ते. तू विचारलंस तवाच कळलं मला, ही वाचून राहिली.”

पोरी तोंडावर हात धरून हसायला लागल्या. आरतीही हसली. मग तिनं पातेल्यातलं गार वरण स्वतःच्या हातानं वाढून घेतलं.

त्यानंतर नियम बदलले असं मात्र झालं नाही. मोबाईल संध्याकाळीच. गच्चीवर घोळका नाही. कादंबरी रविवारी दुपारी, टेस्ट झाल्यावर, खाली सतरंजीवर, सगळ्यांनी मिळून. रत्नम्मा वाचायची. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत. पोरींना तिची ती गती आधी सोसायची नाही, पुढं तीच आवडायला लागली, कारण संथ वाचल्यानं गोष्ट पुरून उरत होती. पहिला भाग तिनं मागाहून वाचला. अण्णाचा राग खरंच लग्नावरून होता. गुंडप्पाकडं तिनं एक नजर टाकली, तो डाळ निवडत होता.

एप्रिलच्या सुरुवातीला फक्त शेवटचा भाग राहिला. सलमाच्या नवऱ्याची बदली होणार अशी कुणकुण लागली होती आणि दोघी मैत्रिणी ते एकमेकींना बोलून दाखवत नव्हत्या. पोरींनी अजून तो भाग उघडलाही नव्हता. रत्नम्मानं तो हातात घेतला आणि म्हणाली, “हा परीक्षेनंतर.”

“काकू, असं नका करू,” वर्षाराणी म्हणाली.

“डोक्यात सलमा घेऊन पेपर लिहिणार का? नंतर.”

“आणि तुम्ही?”

सगळ्याजणी तिच्याकडं बघत होत्या. रत्नम्मानं चळतीवरून एकदा हात फिरवला. “मी पण नंतर.”

तो भाग तिनं कपाटात ठेवला. किल्ली तिच्याच कमरेला होती. उन्हं तापली, दुपारी गल्लीत चिटपाखरू नसायचं, गुंडप्पा पंख्याखाली घोरायचा, आणि ती कपाटासमोर येऊन उभी राहायची. एकदा तर तिनं दार उघडून शेवटच्या पानाचा कोपरा दोन बोटांत धरला. सलमा गेली का राहिली, एवढंच बघायचं होतं. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी घोकत असल्याचा आवाज आला आणि तिनं दार लावून घेतलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून किल्ली गुंडप्पाच्या बंडीच्या खिशात टाकली.

परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी झाली. संध्याकाळी पोरी परत आल्या त्या घामेजलेल्या, गप्प. फिजिक्सनं घात केला असं बहुतेकींचं म्हणणं होतं. आरती म्हणाली, बायोलॉजी चांगलं गेलं, बाकीचं माहीत नाही. रत्नम्मानं कुणाला काही विचारलं नाही. ताक दिलं आणि झोपायला सांगितलं.

सोमवारी सकाळी सामान बांधून झालं. घरची माणसं दुपारपर्यंत येणार होती. सगळ्या खाली जमल्या आणि रत्नम्मानं शेवटचा भाग उघडला.

मध्येच फाटक वाजलं. आरतीचे वडील शेषेराव आले होते. खाकी पँट, खांद्याला पिशवी. आत वाचन चाललेलं बघून ते अदबीनं पायरीवरच टेकले. गुंडप्पानं त्यांना पाणी नेऊन दिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

कादंबरीतली गाडी फलाटाला लागली होती. सलमा खिडकीत बसली होती, इंदू खाली उभी होती. दोघी भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. शिटी झाली तरी दोघी त्याच विषयावर होत्या. गाडी हलली. इंदू थोडं अंतर सोबत चालली, मग थांबली, आणि फलाट रिकामा झाल्यावर लेकरांना शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून घराकडं वळली.

रत्नम्मानं पान उलटलं. कोरं होतं. तिनं पुन्हा मागचं पान पाहिलं, खालची ओळ पाहिली. तिथं ‘समाप्त’ छापलेलं होतं.

“एवढंच?” वर्षाराणी म्हणाली.

“भेटल्या का न्हाई पुन्हा?” रत्नम्मानं विचारलं. जणू पोरींना ठाऊक असावं.

“भेटल्या असणार. सलमा अशी सोडणारी बाई नाही.”

“पण भाजीच्या भावावर का बोलत होत्या? शेवटच्या वेळी?”

“दुसरं काय बोलणार?” आरती म्हणाली. “मी पण घरून निघताना आईशी एसटीच्या वेळेवरच बोलत होते.”

 मग सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. लिहिणाऱ्या बाईनं असं अर्धवट का सोडलं, बाईनंच लिहिलं हे कशावरून, बुवा असेल तर त्याला सलमा इतकी कशी कळली. रत्नम्माचं म्हणणं पडलं की बाईच, कारण बुवाच्या लक्षात मीठ आलं नसतं. गुंडप्पानं त्याला हरकत घेतली.

शेषेराव हे सगळं पायरीवरून ऐकत होते. लेकीला इतकं बोलताना त्यांनी वर्षभरात ऐकलं नव्हतं. निकालाचं, पेपरचं, काय काय विचारायचं ठरवून ते आले होते. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि जरा पुढं सरकले.

“ह्या दोघी कोण?” त्यांनी विचारलं. “सख्ख्या बहिणी का?”

पोरी त्यांच्याकडं वळल्या.

“नाही बाबा, मैत्रिणी,” आरती म्हणाली. “पण तसं सांगून कळायचं नाही. आधी अण्णांपासून सुरू करावं लागेल. आपली नांदेडची एसटी…”

“दुसरी हाय की एक,” शेषेराव म्हणाले. “त्या गाडीनंही नांदेडहून पुढची रेल्वे मिळती. कोण अण्णा?”

रत्नम्मानं सतरंजीवर त्यांना जागा करून दिली. गुंडप्पा चहा टाकायला आत गेला आणि आतूनच म्हणाला, मी येईपर्यंत सुरू करू नका.